जुन्या गाडीचा काटा चढतोय, टॅपेट वाजतंय? इंजिन खोलण्याआधी फोन काढा

परभणीत मे महिन्यात पारा 42-43 च्या वर गेला की जुन्या मारुती 800 वाल्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या: टेंपरेचरचा काटा चढतोय आणि बोनेटखालून टिक-टिक येतेय. गॅरेजात लगेच ऐकू येतं, "इंजिन खोलावं लागेल." लागेलही कदाचित. पण आधी अर्धा तास स्वतः बघा.

ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर मागवू नका. कार्ब्युरेटरवाल्या 800 ला ते पोर्टच नसतं. फोनचा माइक मात्र कामाचा आहे.

आधी काटा. तो कधी चढतो? स्टेशन रोडच्या गर्दीत चढून जिंतूर रोडला वेग घेतल्यावर उतरत असेल, तर संशय रेडिएटरच्या फॅनवर. पळत्या गाडीला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला फॅनचाच आधार. फ्यूज, रिले, फॅनचा स्विच तपासा. हायवेवरच चढत असेल तर पाणी कमी, रेडिएटर चोक, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा वॉटर पंप गेलेला. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं की बादलीतल्या हीटरच्या रॉडवर बसतो तसा पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. "थर्मोस्टॅट काढूनच टाका" हा सल्ला मला पटत नाही. इंजिन थंड राहून पेट्रोल जास्त पितं, आणि मूळ बिघाड तिथेच.

आणखी एक फसवणूक. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच काटा खरं सांगतो. पाणी पार संपलं तर काटा खाली दिसतो आणि आत इंजिन भाजत असतं. म्हणून पातळी डोळ्यांनी बघायची, तीही इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. गरम रेडिएटरचं झाकण उघडलंत तर दाब सुटून उकळतं पाणी थेट अंगावर येतं. पाण्यात सतत बुडबुडे किंवा ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्या आणि गाडी अजिबात चालवू नका. हेड ॲल्युमिनियमचं असतं, जास्त तापलं की वाकतं.

आता टिक-टिक. डिपस्टिकवर ऑइल बघा. कमी किंवा फार पातळ झालं असेल तरी टॅपेट वाजतात. मग इंजिन आयडलवर ठेवून व्हॉल्व्ह कव्हरजवळ 10 सेकंद रेकॉर्ड करा. हात आणि ओढणी बेल्टपासून लांब. मी व्हॉइस नोट वापरत नाही, त्यात आवाज दाबला जातो. साधा रेकॉर्डर बरा. एडिटरमध्ये उघडून टोकं मोजा. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत एक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. म्हणजे 900 आरपीएमला एका सैल टॅपेटचे सेकंदाला साडेसात ठोके, 10 सेकंदांत 75. दुप्पट, म्हणजे 150 आले तर आवाज दर फेरीला होतोय. सैल पुली, फ्लायव्हीलकडे बघा. किंवा दोन टॅपेट वाजत असतील, म्हणून ठोक्यांमधलं अंतर सारखं आहे का तेही पाहा. खालून येणारा, ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढणारा जड ठोका मात्र मोजत बसू नका, इंजिन बंद करा.

सैल टॅपेट स्क्रूने ॲडजस्ट होतं, त्यासाठी इंजिन खोलावं लागत नाही. मला जास्त भीती अजिबात न वाजणाऱ्या टॅपेटची वाटते. एलपीजीवर चालणाऱ्या जुन्या गाडीत व्हॉल्व्ह सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो, गॅप संपते, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि जळतो. आवाज काहीच नाही, फक्त पिकअप कमी आणि स्टार्टिंगला त्रास. अशा गाडीची गॅप फीलर गेजने मोजून घ्या. मॅन्युअलमध्ये थंड आणि गरम इंजिनचे आकडे वेगळे असतात, तेवढं बघून.