दुसऱ्या मिनिटाची भुंक

रविवारी सकाळी टेकडी उतरलो की आम्ही टपरीवर थांबतो. माझ्या हातात कटिंग, मित्राच्या हातात क्रीमरोल आणि बाकाखाली आमची बुंदी. गप्पा रंगल्या की साधारण दुसऱ्या मिनिटाला ती बाहेर येते, पुढचे पाय ताठ करते, थेट माझ्या डोळ्यांत बघते आणि चढ्या पट्टीत एकच ‘भॉक!’ करते. मग थांबते. कान माझ्याकडे.

हे थांबणं माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं. बाईसाहेब चक्क उत्तराची वाट बघत होत्या! आणि उत्तर मिळतच होतं. मी ‘गप गं’ म्हणून डोळे वटारायचो, मित्र पाठीवरून हात फिरवायचा, शेजारच्या बाकावरचे काका ‘भूक लागली असेल हो’ म्हणत बिस्किट टाकायचे. माझं रागावणंसुद्धा तिच्या खात्यात जमाच होत होतं. मित्रावरची नजर तिच्याकडे वळली, काम झालं.

प्रौढ लांडगे क्वचितच भुंकतात. कुत्री मात्र ऊठसूट भुंकतात, आणि आपल्याला त्यातलं बरंच कळतं. बुडापेस्टच्या संशोधकांनी मुडी जातीच्या, मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांचं भुंकणं ध्वनिमुद्रित करून माणसांना ऐकवलं होतं. अनोळखी माणसावर भुंकणं कुठलं, चेंडूसाठीचं कुठलं, एकटं बांधून ठेवल्यावरचं कुठलं, हे लोकांनी नुसत्या अंदाजाने जमलं असतं त्याहून बरंच अचूक सांगितलं. त्यात जन्मात कुत्रं न पाळलेलेही होते. हा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला.

पण बुंदीची चिकाटी कुठून आली? तिचा धागा एका शनिवारच्या दुपारपर्यंत जातो. 1930च्या दशकातली गोष्ट. बी. एफ. स्किनर हा तरुण मानसशास्त्रज्ञ पेटीतल्या उंदरांना दांडी दाबल्यावर खाऊची गोळी देत असे. गोळ्या तो स्वतःच पाडायचा. त्या शनिवारी साठा बघितला तर सोमवार सकाळपर्यंतच पुरेल इतका. उरलेला दिवस गोळ्या पाडण्यात घालवायचा त्याला कंटाळा आला. मग दर दाबण्याला गोळी कशाला, मिनिटाला एकच दिली तर? उंदीर दांडी दाबतच राहिले. पुढे दिसलं की बक्षीस कधी मिळेल याचा भरवसा नसेल, तर सवय आणखी चिवट होते. आमच्या बाकावर मी, मित्र आणि काका मिळून नेमकं असंच यंत्र चालवत होतो.

‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला बरोबरच आहे, पण त्याची गंमत पुढे आहे. नेहमीचं उत्तर येईनासं झालं की भुंकणं बऱ्याचदा आधी वाढतं. लिफ्ट आली नाही की आपण बटण कसं दणादण दाबतो, तसंच. घरी हे निभतं. टपरीवर दहा माणसं वळून बघतात, आपण कानकोंडे होतो आणि दहाव्या भुंकेला शरण जातो. कुत्र्याच्या हिशेबात मग दहा वेळा भुंकण्याचा दर ठरतो. (भीतीने भुंकणाऱ्या कुत्र्याकडे दुर्लक्ष करून मात्र काही साधत नाही. त्याला तिथून लांब न्यावं.)

म्हणून आम्ही महिनाभर टपरी सोडली. शेजारच्या मैदानाचा रिकामा कोपरा धरला. भुंक दुसऱ्या मिनिटाला येते ना, मग पहिल्याच मिनिटात, ती गप्प बसलेली असताना, फुटाण्याएवढा पनीरचा तुकडा पंजांपाशी ठेवायचा. हळूहळू अंतर वाढवलं. एखादी भुंक आलीच, तर नजर कपातच. मग टपरीवर परतलो. तिथे सगळ्यात अवघड शिकवणी काकांची होती. शेवटी त्यांच्याच हातात पनीरची डबी दिली आणि अट घातली, ती आडवी असेल तरच.

गेल्या रविवारी अख्खा चहा संपला, भुंक नाही. बुंदी हनुवटी पंजांवर टेकवून पडली होती. फक्त काकांकडे बघत आतल्या बाजूने भुवया उंचावत होती. भुवई अशी वर ओढणारा स्नायू कुत्र्यांत चांगला विकसित असतो, लांडग्यांत त्याचे जेमतेम विरळ तंतू सापडतात, असं 2019 साली शवविच्छेदन करून दाखवलं गेलं. मी हे काकांना सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी डबी उघडली होती.