चिमुकली गाडी, बर्फाचा घाट

दोस्तांनो, जेमतेम तीन मीटर लांबीची मिनी गाडी बर्फात चालेल? अहो, १९६४ साली पॅडी हॉपकर्क यांनी आल्प्सच्या घाटांतून जाणारी माँटे कार्लो रॅली तिच्यातच जिंकली! इंजिन पुढे, ताकदही पुढच्याच चाकांना. त्या वजनानं चाकं रस्त्यावर घट्ट दाबून राहतात.

मग काय, निघायचं? थांबा! खरी गोम थांबण्यातच आहे. तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं, की साध्या टायरचं रबर कडक होऊन पकड कमी होते. हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं, त्यावरच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. टायरवर तीन शिखरं नि हिमकण असं चिन्ह शोधा. आणि चारही चाकांना हेच टायर हवेत बरं का! फक्त पुढे लावले, तर ब्रेक दाबताच हलकी मागची बाजू गर्रकन फिरते.