फुटलं तर जोडणार कोण?

"काका, स्विफ्टले बॉडी किट लावाची आहे. फायबरची लावू का पीयूची?" लग्नसराईच्या तोंडावर वर्धेत आर्वी नाक्याकडच्या माझ्या डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात हा प्रश्न घेऊन कोणी ना कोणी येतंच. घरात सोयाबीनचे पैसे आलेले असतात, मोबाइलमध्ये कुठल्या तरी मुंबईच्या गाडीचा फोटो असतो, आणि बजेट विचारलं की उत्तर ठरलेलं, "वीस हजारांत बसवा ना काका." मी काही बोलायच्या आधी त्याला टेप देतो आणि गाडीखाली वाकून मोजायला लावतो.

नव्या स्विफ्टचं पोट जमिनीपासून 163 मिलिमीटर वर असतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा. हे झालं कागदावरचं. सेलू-देवळीकडच्या खेड्यांत लोकांनी रातोरात मुरूम आणि डांबर टाकून जे उंचवटे केलेत, त्यांना हे माप कोणी सांगितलेलं नाही. आता पुढच्या बंपरखाली दोन इंचांची लिप, म्हणजे शोभेची पट्टी, लावली, की उरले साधारण 112 मिलिमीटर. त्यात पाच वऱ्हाडी आणि डिकीत आहेराची भांडी, म्हणजे गाडी आणखी बसणार. ती लिप घासणार, हे मी लिहून देतो. म्हणून फायबर चांगलं की पीयू, यापेक्षा मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: घासल्यावर त्याचं काय होतं, आणि ते वर्धेत कोण दुरुस्त करून देतं?

फायबर माझ्या हातातलं आहे. दुकान टाकण्याआधी मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत फायबरच्या टाक्या बनवायच्या कामावर होतो. साच्याला मेण चोळायचं, जेलकोट मारायचा, काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची आणि ब्रशने पॉलिस्टर रेझिन मुरवायचं. रेझिनमध्ये आधी जांभळा कोबाल्ट, मग वापरताना एक-दोन टक्के हार्डनर. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की हार्डनर कमी करावं लागतं, नाहीतर डब्यातलं रेझिन हातातच दगड होतं. एक गोष्ट शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी सांगायची असते: कोबाल्ट आणि हार्डनर सरळ एकमेकांत कधी ओतायचे नाहीत, भडका उडतो.

एवढ्या साध्या सामानात काम होतं, म्हणूनच फायबरचं किट स्वस्त पडतं. साचाही फायबरचाच बनतो, मोठं मशीन लागत नाही, चार-पाच नग विकले गेले तरी बनवणाऱ्याला परवडतं. अमेरिकेत 1953 साली पहिल्या 300 कॉर्व्हेट गाड्यांची अंगं अशीच फायबरची होती. आपल्याकडे बंगळूरच्या सिपानीने 1982 मध्ये डॉल्फिन काढली, तीही फायबरच्या अंगाची. शर्यतींत ती पळाली, पण घरच्या गाडीसाठी लोकांना पत्रा हवा होता, आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात मारुती 800 आली. जुनी गिऱ्हाइकं अजूनही फायबरला नाक मुरडतात, त्याची सुरुवात तिथली असावी असं मला वाटतं.

नाक मुरडायला कारण मात्र आहे. फायबर वाकत नाही, तडकतं. लिपचा कोपरा दगडाला लागला की आधी रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा येतात, दुसऱ्या दणक्यात तुकडा पडतो. शिवाय हाताने बनलेला माल सारखा नसतो. पॉलिस्टर रेझिन सुकताना आकसतं, आणि घाईत साच्यातून लवकर काढलेला नग तर पापडासारखा वळतो. डावा साइड स्कर्ट बरोबर बसतो आणि उजव्यात बोटभर फट राहते. ती घासून, भरून बसवण्यात माझा आख्खा दिवस जातो, आणि त्या दिवसाचे पैसे किटच्या जाहिरातीत लिहिलेले नसतात. ग्राइंडरने उडालेल्या काचेच्या भुकटीने अंगाला सुटणारी खाज वेगळीच.

पण तडकलेलं फायबर जोडता येतं. मागून व्हीच्या आकारात घासायचं, मॅटचे दोन-तीन थर रेझिनमध्ये भिजवून लावायचे, वाळलं की पुटी आणि रंग. हे काम मी करतो, हिंगणघाट-आर्वीतही करणारे मिळतात. सामान किलोवर मिळतं, खर्च बहुतेक मजुरीचाच.

आता पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. जर्मनीच्या ओटो बायरने 1937 मध्ये शोधलेलं हे रसायन आपल्या घरात पोचलेलं आहे, चपलेच्या तळव्यात आणि सोफ्याच्या फोममध्ये. 1968 च्या पॉन्टिॲक जीटीओला पुढे युरेथेनचा लवचिक बंपर होता आणि त्याच्यावर पहार मारून दाखवणारी जाहिरात अमेरिकेत गाजली. गुण तोच: दणका बसला की दबतं आणि परत आकारात येतं. गतिरोधकावर घासलं तर ओरखडा पडतो, तुकडा पडत नाही.

मग सगळे तेच का लावत नाहीत? दोन रसायनं दाबाने साच्यात सोडून ते जमवावं लागतं. त्याचा साचा आणि मशीन महाग, म्हणून हजारोंनी खपणार असेल तरच बनवणाऱ्याला परवडतं. आपल्या बाजारात खरं युरेथेन फार थोडं येतं. बाहेरून मागवतो म्हणाल तर कुरियरचा हिशेब समजून घ्या. विमानाने येणाऱ्या मोठ्या खोक्याचं भाडं त्याच्या आकारावर लागतं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं. 180 बाय 60 बाय 50 चं खोकं घ्या. भागाकार येतो 108. आत बंपर पाच-सहा किलोचा असला तरी भाडं 108 किलोचं. वर कस्टम ड्युटी.

शिवाय युरेथेन उन्हात वाढतं. जानेवारीची सकाळ आणि मेची दुपार यांत बंपरच्या लांबीत चार-पाच मिलिमीटरचा फरक पडू शकतो. फायबर तेवढ्याच उन्हात जेमतेम दीड-दोन मिलिमीटर वाढतं. क्लिपा कमी लावल्या तर लांब स्कर्ट मधेच लोंबतो. रंगात लवचिकपणा आणणारं मिश्रण घालावं लागतं, नाहीतर अंग वाकतं आणि रंग तडकतो. आणि फाटलंच, तर पंचाईत. कंपनीच्या बंपरला आम्ही करतो ते प्लास्टिक वेल्डिंग याला चालत नाही. तापवलं तरी हे वितळत नाही, जळतं. त्याला दोन भागांचा पीयू चिकट माल आणि जाळी लागते, आणि ते नीट जमणारा माणूस मला अजून नागपूरच्या अलीकडे सापडायचा आहे.

दुकानदार "पीयू आहे" म्हणून जे देतो ते पुष्कळदा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) किंवा एबीएस जातीचं प्लास्टिक असतं. काही वेळा तर फायबरच असतं, फक्त पीयू पेंट मारलेला असतो. आतली बाजू उलटी करून पाहा. काचेचे धागे, खरबरीतपणा आणि टकटक आवाज असेल तर फायबर. बारीक अक्षरांत पीपी किंवा पीयूआर असा शिक्का असेल तर प्रश्नच मिटला. शिक्का नसेल तर कडेचा एक कपचा काढून ग्लासभर पाण्यात टाका. तरंगला तर तो पीयू नाही, पीपीच्या जातीचा आहे. बुडाला तर विचारपूस चालू ठेवा.

पीपी निघालं म्हणून नाराज व्हायचं कारण नाही. कमी पैशांत माझी पहिली पसंती तीच. गाडीला कारखान्यातून येणारा बंपर बहुधा पीपीचाच असतो. तो वाकतो, फाटला तर वेल्डिंगने जोडता येतो. फक्त रंगाआधी प्लास्टिकचा खास प्रायमर विसरला की रंग सालीसारखा निघतो. कंपनीच्या ॲक्सेसरीत मिळणारी लिप, किंवा त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचा जुना बंपर, नागपूरला शोधला तर मिळतो आणि भोकाला भोक जुळतं.

त्यामुळे मी पोरांना पूर्ण सेट एकाच मालाचा घेऊ देत नाही. जमिनीजवळचं सगळं, विशेषतः पुढची लिप, पीपीची. डिकीवरचा स्पॉयलर खुशाल फायबरचा, त्याला कोण धडकतं? साइड स्कर्ट फायबरचा चालेल, गाडी शेताच्या धुऱ्यावर जात नसेल तर. फायबरचा नग आणल्याबरोबर रंगवू नका, दोन-चार दिवस उन्हात ठेवा. आपल्याकडे ऊन फुकट आहे, राहिलेलं रेझिन त्यात पक्कं होतं आणि नंतर रंगाखाली फोड येत नाहीत. वीस हजार असतील तर दहाचंच किट घ्या. उरलेले बसवणं, प्रायमर आणि रंगात जातात, आणि पांढरी गाडी सोडली तर रंग जुळवणं सोपं नसतं. मागचा बंपर बदलणार असाल तर 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना सक्तीचे झालेले पार्किंग सेन्सर कुठे बसणार ते आधी ठरवा. पुढची जाळी शोभेसाठी बुजवू नका. रेडिएटरला हवा लागते, आणि मे महिन्यात जाम गावच्या चौकात गाडी तापली तर किटचा फोटो काढायला कोणी थांबत नाही.

कायद्याचंही बोलून टाकतो, कारण दुकानदार बोलत नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच सांगितलं. सप्टेंबर 2019 पासून बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. रुंदी वाढवणारे फेंडर, नंबरप्लेट किंवा दिवा झाकणारा बंपर, लोखंडी बुलबार यांच्या वाटेला जाऊच नका. छोट्या लिपबद्दल शंका असेल तर वर्धेच्या आरटीओत जाऊन विचारा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेल्या बदलावरून क्लेमच्या वेळी वाद होतो.

आणि बिल घ्याच. त्यावर नुसतं "बॉडी किट" नको. फायबर, पीपी की पीयू हे दुकानदाराच्या सहीनिशी लिहून घ्या. तो लिहून देत नसेल, तर पैसे खिशातच ठेवा.