प्लीज रिव्हर्ट! पण कुठे?

सोमवारी सकाळी इनबॉक्स उघडा. चाळीस मेल्स. त्यातल्या निम्म्यांच्या शेवटी एकच आरती : 'काइंडली रिव्हर्ट.' तुम्हीही सवयीनं टाइप करता, 'विल रिव्हर्ट बाय ईओडी.' विषय संपला!

संपला खरा, पण तुमच्या-माझ्या ऑफिसात. हाच मेल लंडनच्या क्लायंटला गेला, तर बिचारा बुचकळ्यात पडू शकतो. 'रिव्हर्ट' होणार म्हणजे नक्की कुठल्या अवस्थेत परत जाणार हे लोक? कारण तिकडच्या रोजच्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ 'उत्तर देणं' असा नाहीच. तिथे रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या अवस्थेकडे, पूर्वीच्या मालकाकडे किंवा मागे सुटलेल्या विषयाकडे परत जाणं. सिगारेट सोडलेला मित्र वर्षभरानं पुन्हा टपरीवर दिसला, की तो जुन्या सवयीकडे 'रिव्हर्ट' झाला. ब्रिटिशांच्या ताब्यातलं हाँगकाँग १९९७ साली चीनकडे गेलं, तेही 'रिव्हर्ट' झालं.

आपलाच नातेवाईक
शब्दाचं कूळ लॅटिन. 'रे' म्हणजे मागे आणि 'व्हर्तेरे' म्हणजे वळणं. जुन्या फ्रेंचमधून १३०० च्या सुमारास तो इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ होता शुद्धीवर येणं! (सोमवार सकाळसाठी खरं तर हाच अर्थ फिट्ट बसतो.) पुढे पंधराव्या शतकात तो जमीनजुमल्याच्या भाषेत शिरला. मुदत संपली, की मालमत्ता मूळ मालकाकडे 'रिव्हर्ट' होणार, असं कायद्याची कागदपत्रं आजही म्हणतात.

या 'व्हर्तेरे'चं खानदान मोठं आहे, बरं का. लक्ष आपल्याकडे वळवते ती अ‍ॅडव्हर्टाइजमेंट. वाटा वेगळ्या वळतात तो डिव्होर्स. डोकं गरगरतं तो व्हर्टिगो. लाइट गेल्यावर आठवतो तो इन्व्हर्टरही याच घरातला.

आणि संस्कृतातला 'वृत्' धातू? तो 'व्हर्तेरे'चा सख्खा भाऊच. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात, असं विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत मांडलं होतं. परिवर्तन, आवृत्ती, परावृत्त हे सगळे 'वृत्'चे गोतावळ्यातले. निवृत्तीसुद्धा! आपलं साधं 'परतणं'ही भाषातज्ज्ञ याच घरातलं मानतात. म्हणजे 'रिव्हर्ट' वाटतो तेवढा परका नाही.

एक शब्द, तीन टेबलं
गंमत इथवर ठीक आहे. पण काही टेबलांवर हा शब्द महागात पडू शकतो.

सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा. 'गिट'मध्ये 'रिव्हर्ट' ही चक्क कमांड आहे. ती दिली, की आधी केलेला बदल रद्द करणारी नवी नोंद होते. नव्या फीचरबद्दल मत विचारताना तुम्ही डेव्हलपरला नुसतं 'प्लीज रिव्हर्ट' लिहिलंत आणि त्यानं ते शब्दशः घेतलं, तर दोन दिवसांचं काम मागे!

लीगलवाल्यांच्या करारात 'राइट्स शॅल रिव्हर्ट' असेल, तर तिथे कुणी उत्तर देणार नसतं. हक्क परत जाणार असतात. सही करण्याआधी कुणाकडे, ते बघा.

आणि घरात कुणी सरकारी नोकरीत असेल, तर त्यांच्यासमोर हा शब्द जपून वापरा. तिथे 'रिव्हर्ट केलं' म्हणजे वरच्या पदावरून खालच्या पदावर परत पाठवलं. 'पुरुषोत्तमलाल धिंग्रा विरुद्ध भारत सरकार' हा खटला याच शब्दावरून सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. रेल्वेतल्या या अधिकाऱ्याला क्लास टूच्या पदावरून क्लास थ्रीमध्ये रिव्हर्ट केलं होतं. वरचं पद तात्पुरतं होतं, त्यामुळे ही शिक्षा नव्हे, असा निकाल १९५७ साली लागला.

मग आपण चुकतो का?
हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. जिल्ह्याच्या गावातून आलेली ट्रेनी मेलमध्ये 'विल रिव्हर्ट' लिहिते आणि पलीकडच्या क्युबिकलमधले कॉन्व्हेंटवाले गालात हसतात. पण तिनं हा शब्द उचलला कुठून? बॉसच्याच मेलमधून ना! आणि 'उत्तर देणं' हा अर्थ भारतासारखाच सिंगापूर-मलेशियातल्या ऑफिसांमध्येही सर्रास चालतो. 'विषयाकडे परत येईन' आणि 'उत्तर घेऊन परत येईन' यांत अंतर तरी किती? शुद्धीवर येण्यापासून जमिनीच्या मालकीपर्यंत वळलेला शब्द आपल्याकडे आणखी एक वळण घेतो, त्यात लाजण्यासारखं काय आहे? तेव्हा हसणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

फक्त समोर कोण आहे, ते बघा. आपल्यातल्या आपल्यात बिनधास्त 'रिव्हर्ट' करा. परदेशी क्लायंट, डेव्हलपर आणि वकील यांना मात्र साधं 'रिप्लाय' लिहा. तेवढ्यानं कुणाचं इंग्लिश छोटं होत नाही. आणि 'रिव्हर्ट बॅक' तेवढं कटाक्षानं टाळा. 'रे'मध्येच 'बॅक' आलं, मग हा पिवळा पीतांबर कशाला?

तसं बघितलं, तर आपल्या आजोबांनाही हा शब्द ठाऊक होता, फक्त मराठीत. पत्राच्या शेवटी ते लिहायचे : 'उलट टपाली कळवावे.' वळणं तेच, परतणं तेच, आणि अर्थाचा घोळ शून्य. घरात उलट उत्तर दिलं, की ओरडा बसायचा. उलट टपाली दिलं, की मात्र शाबासकी!