सणासुदींत दिवस गेले तर

भाद्रपदापासून कार्तिकापर्यंतचे दिवस आपल्या घरांतील स्त्रियांस उसंत मिळूं देत नाहींत. गौरी-गणपति होतात न होतात तों पितृपक्ष, मग नवरात्र, दसरा आणि पाठोपाठ दिवाळी. नगर जिल्ह्यांत (२०२४ पासून सरकारदप्तरीं तो अहिल्यानगर झाला आहे) यांतच मोहट्याच्या देवीची किंवा राशीनच्या यमाईची खेप असते. अशा धांदलींत पाळी चुकली, तर तें ध्यानांत येण्यास फराळाचे डबे भरून व्हावे लागतात. आणि तोंवर कित्येकदां दोन महिने उलटलेले असतात.

या घोटाळ्याचें एक कारण खास सणांचेंच आहे. गौरी जेवावयाच्या दिवशीं किंवा घट बसलेले असतां अडचण येऊं नये म्हणून पाळी पुढें ढकलण्याच्या गोळ्या घेण्याचा प्रघात सुशिक्षित घरांतही चांगलाच रुजला आहे. सोवळ्याओवळ्याचा हा हिशेब आम्हांस पटत नाहीं. पण तो वाद येथें नको. या गोळ्यांतील नॉरेथिस्टेरॉन हें औषध पाळी थोपवितें; या कामासाठीं घेतलें असतां तें गर्भही राहूं देणार नाहीं, असा भरंवसा मात्र धरतां येत नाहीं. हा भेद गोळ्या आणून देणाऱ्या यजमानांसही बहुधा ठाऊक नसतो. गोळ्या थांबविल्यावर साधारणतः दोन-तीन दिवसांत पाळी येते. ती न आली, तर ‘गोळ्यांमुळें मागेंपुढें झालें असेल’ असें म्हणून स्वस्थ बसूं नये. लघवीची चाचणी घरच्या घरीं करतां येते व पाळीची तारीख टळल्यावर ती बरीच विश्वसनीय असते. दिवस गेले आहेत असें ठरल्यास त्या गोळ्या घेतल्याचेंही डॉक्टरांस सांगावें.

आणखी दोघीजणी अशाच फसतात. एक अंगावर पाजणारी. मूल सहा महिन्यांच्या आंतील असून केवळ आईच्या दुधावर आहे व पाळी परत आलेली नाहीं, एवढ्याच अवस्थेंत पाजण्याचें संरक्षण बऱ्यापैकीं असतें. पुढें पाळी दिसण्यापूर्वींही गर्भ राहूं शकतो. दुसरी चाळिशी ओलांडलेली. पाळी दोन-तीन महिने आली नाहीं कीं ‘आतां जाण्याचेंच वय झालें’ असें ती धरून चालते.

हिची स्थिति सर्वांत अवघड. मुलगी लग्नाची झालेली, क्वचित् सून घरांत आलेली, आणि अशा वेळीं आपणांस दिवस! एकत्र कुटुंबांत बातमी माजघरांतून ओसरीवर यावयास एक सांज पुरते. त्यांत दिवाळीला आत्या, नणंदा, जावई सारे जमलेले. कोणी हंसतो, कोणी ‘निदान या वेळीं मुलगा तरी’ म्हणतो. (गर्भाचें लिंग तपासून सांगणें १९९४ च्या कायद्यानें गुन्हा आहे, हें अशा हौशी मंडळींस कोणी तरी सांगावें.) आमचें स्पष्ट मत असें कीं, ही गोष्ट प्रथम त्या स्त्रीच्या व तिच्या पतीच्याच बोलण्यांत राहावी, आणि घरांत कळलीच तर पहिला प्रश्न ‘तुझ्या मनांत काय आहे?’ हा असावा. तो सासूबाईंनीं विचारला, तर निम्मा भार तेथेंच उतरेल.

कायदाही तिच्याच मनाला मान देतो. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यांत २०२१ सालीं झालेल्या सुधारणेप्रमाणें, साधन फसल्यामुळें राहिलेला गर्भ वीस आठवड्यांपर्यंत एका अधिकृत डॉक्टरच्या मतानें काढून घेतां येतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमति त्यास पुरते; पतीची अगर सासऱ्याची सही लागत नाहीं, व तिचें नांव गुप्त राखणें डॉक्टरवर बंधनकारक आहे. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गोळ्यांनीं गर्भपात पहिल्या नऊ आठवड्यांतच, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखालीं. दुकानांतून परस्पर गोळ्या आणून घेणें जिवावर बेतूं शकतें. मूल हवें असल्यासही वेळ दवडूं नये. चाळिशींत रक्तदाब व साखर लौकर पाहावी लागते, आणि गर्भाच्या कांहीं तपासण्या अकराव्या ते तेराव्या आठवड्यांतच होतात. म्हणून ‘दिवाळी होऊन जाऊं द्या, मग पाहूं’ हें वाक्य दोन्ही पक्षीं महागांत पडतें.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं मुंबईंत १९२१ सालीं संततिनियमनाचें केंद्र काढलें, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें आणि त्यापायीं अश्लीलतेचे खटले सोसले. शंभर वर्षांनंतरही हा विषय आपल्याकडे दार लोटून, दबक्या आवाजांतच निघतो. याच जिल्ह्यांत जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं काम आरंभिलें, तेव्हां त्यांनीं निराळी वाट धरली. गांवांतल्याच, बहुधा निरक्षर, बायकांस त्यांनीं आरोग्याचें शिक्षण दिलें. गरोदर बाईनें दवाखान्यापर्यंत येण्याची वाट न पाहतां तिच्या ओळखीची बाईच तिच्या दारीं जाऊं लागली. भरल्या घरांत एखादी जाऊ किंवा मावशी हें काम सहज करील. फक्त तिनें ऐकावें अधिक आणि सांगावें थोडें.

आतां सणाविषयीं. नवरात्राचे कडक उपास अशा स्त्रीनें करूं नयेत. तळणीच्या वासानें पोटांत ढवळत असेल, तर चकल्या दुसऱ्या कोणी कराव्या किंवा विकत आणाव्या. कारण सांगण्याची जरूर नाहीं, ‘पित्त झालें आहे’ हें उत्तर पूर्वापार चालत आलें आहे. फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांस विचारून ताबडतोब सुरू करावी. भाऊबीजेला माहेरीं जावयाचें तर डॉक्टरांस आधीं विचारावें. रक्त दिसलें किंवा पोटांत, विशेषतः एका बाजूस, तीव्र कळ आली, तर लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ असली तरी थांबूं नये. खासगी दवाखाने त्या दिवसांत बंद असतात, म्हणून कोणतें रुग्णालय उघडें राहील हें धनत्रयोदशीपूर्वींच विचारून ठेवावें; रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ आहे.