सलूनचा फ्लेक्स छापण्याआधी एवढं ठरवा

तायांनो, गटातून कर्ज काढून मुलाला किंवा मालकांना तालुक्याला सलून टाकून दिलं, की पहिला खर्च होतो फ्लेक्सचा. त्यावर एखाद्या हिरोचा फोटो असतो. तोच हिरो शेजारच्या सलूनवरही असतो! मग गिऱ्हाईक आपलं दुकान ओळखणार कसं? शिवाय कुणाचाही फोटो न विचारता धंद्याला वापरणं अंगलट येऊ शकतं.

म्हणून आधी घरात बसून ठरवा :

नाव – छोटं, तोंडात बसणारं. गावात दुसऱ्या दुकानाचं नको.

रंग – दोनच. गडद पाटीवर फिकी अक्षरं किंवा उलट.

खूण – कात्री, कंगवा, वस्तरा यांतलं एकच, साध्या रेषांत.

अक्षर – मराठी, ठळक. २०२२ पासून राज्यात लहान दुकानांनाही देवनागरी पाटी सक्तीची आहे. इंग्रजी अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत.

आता हे कागदावर काढून रस्त्यापलीकडून वाचा. मग त्याची लहान झेरॉक्स काढा. दोन्हीकडे ओळखू आलं, तरच छापायला द्या.

तेच नाव, तेच रंग, तीच खूण दरपत्रकावर, व्हॉट्सॲपवर आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकायच्या कापडावरही हवी. ते कापड गटातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईकडूनच शिवून घ्या.

धंदा वाढला, तर नावाचा ट्रेडमार्क घेता येतो. एका व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये. नोंदणी १० वर्षांची. पण सुरुवातीलाच हा खर्च नको. आधी हप्ते वेळेवर जाऊ द्या.