एक राज्य, तीन संघ

भारतात राज्यं २८, रणजी करंडकात संघ मात्र ३८. हिशेब असा: २८ राज्यांचा किमान एकेक संघ. त्यात दिल्ली, चंडीगड, पुदुच्चेरी आणि जम्मू-काश्मीर मिळवा. महाराष्ट्र आणि गुजरात यांना दोन-दोन जादा. उरले रेल्वे आणि सेनादल, ज्यांना राज्यच नाही!

आपल्याकडचीच वाटणी बघा. पालघरचा शार्दूल ठाकूर मुंबईचा, पुण्याचा ऋतुराज गायकवाड महाराष्ट्राचा, नागपूरचा उमेश यादव विदर्भाचा. वर मुंबई आणि महाराष्ट्र या दोन्ही संघटनांचं लघुरूप एमसीएच, त्यामुळे बातमी वाचताना ‘नक्की कुठली?’ हे विचारावंच लागतं. २०२४च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईनं विदर्भाला हरवून ४२वं विजेतेपद घेतलं. पुढच्याच वर्षी विदर्भानं उपांत्य फेरीत मुंबईला बाहेर काढून उट्टं फेडलं आणि करंडकही नेला. घरातलीच भांडणं, पण चुरस पाहावी तर यांचीच.

ही वाटणी संस्थानी आणि ब्रिटिश काळातली. बडोदा हे तेव्हाचंच नाव. गुजरातमधल्याच सौराष्ट्र संघाच्या आधीचा काठियावाडचा संघ तर भाऊसाहेब निंबाळकरांमुळे कायमचा लक्षात राहिला. डिसेंबर १९४८, पुणे. महाराष्ट्राचे निंबाळकर नाबाद ४४३ वर, ब्रॅडमनचा ४५२चा विक्रम हाताशी आणि काठियावाडनं पुढे खेळायलाच नकार दिला! सामना सोडला, विक्रम हुकला. कसोटीची टोपीही त्यांना कधी मिळाली नाही. ही मात्र आपल्या निवडकर्त्यांची करणी, काठियावाडची नव्हे.

तीन संघ म्हणजे क्रिकेट मंडळात तीन मतं, आणि खरी मेख इथेच. मंडळाच्या सुधारणांसाठी नेमलेल्या लोढा समितीनं ‘एक राज्य, एक मत’ सुचवलं, २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मान्यही केलं. म्हणजे मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भानं आळीपाळीनं मत द्यायचं. इतके रणजी करंडक जिंकणाऱ्या मुंबईनं मतासाठी रांगेत उभं राहायचं? २०१८मध्ये न्यायालयानंच ही अट काढली आणि जुन्या संघटनांची मतं परत आली. रेल्वेचं मतही राहिलं. महिला क्रिकेटमधली रेल्वेची मक्तेदारी पाहिली, तर ते मत तिनं कमावलंय असंच म्हणावं लागेल.

राज्य आणि संघ यांच्या या गोंधळाचा सर्वांत मोठा फटका बिहारला. २००० साली झारखंड वेगळं झालं आणि मंडळातली जागाही तिकडेच गेली. रणजीत परतायला बिहारला थेट २०१८ उजाडावं लागलं.

खेळाडूला मात्र संघ बदलता येतो. फक्त जुन्या संघटनेकडून ‘एनओसी’ आणायची. अर्जुन तेंडुलकर असाच २०२२मध्ये मुंबईहून गोव्याला गेला आणि गोव्याकडून पहिल्याच रणजी सामन्यात शतक ठोकलं. २०२५मध्ये यशस्वी जयस्वालनंही गोव्यासाठी ‘एनओसी’ मागितली होती. महिनाभरात विचार बदलला आणि स्वारी मुंबईतच राहिली.